रात्री दोनला कॉम्प्युटर उठवतं कोण? बिटकोजवळच्या दुरुस्तीवालीचा अनुभव

दुकानाचं नाव लिहीत नाही. ते चालवणाऱ्या पोरीनेच सांगितलं, "काका, लिहायचं तर लिहा, पण नाव नको. आहेत तेच फोन उचलायला होत नाहीत." तेव्हा नुसती खूण सांगतो. नाशिकरोडला बिटको चौकातून जेलरोडला वळलं की आतल्या एका गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं एवढासा गाळा. बाहेर मेलेले मॉनिटर एकावर एक रचलेले. आत ती आणि तिचा भाऊ. भाऊ दुकानात लॅपटॉप खोलून बसलेला असतो, घरोघरी ती जाते, स्कूटीवर.

आता माझं दुखणं. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो. २१० मेगावॅटच्या संचावर, कंट्रोल रूममध्ये, तीन पाळ्यांत आयुष्य गेलं. त्यामुळे झोप अशी सावध की शेजारच्या ब्लॉकमध्ये कोणी कडी काढली तरी माझा डोळा उघडतो. घरी एक असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. सोसायटीचा जमाखर्च, पुण्याच्या मुलाशी व्हिडिओ कॉल, एवढंच काम. तो मी रोज बंद करत नाही, स्लीपला टाकतो. सकाळी सातला कोणी मेंटेनन्सची पावती मागायला आलं की एक बटण दाबायचं, झालं. वीज जाते म्हणावं तर तेही तपासलेलं आहे. माझ्या प्लगमीटरवर झोपेत ३ वॅट, जागा असला की ५२.

डिसेंबरात थंडी पडली आणि घरातले पंखे बंद झाले. तेव्हा लक्षात आलं की रात्री केव्हातरी कॉम्प्युटरचा पंखा सुरू होतो. कदाचित सगळा उन्हाळाभर होत असेल, छताच्या पंख्याच्या आवाजात कळलं नसेल. मग एका पहाटे हॉलच्या भिंतीवर निळा उजेड. उठून बघतो तर स्क्रीन लागलेली, पासवर्ड मागतेय. कोणी हात लावलेला नाही. सौ.चं म्हणणं, "तुमच्यासारखाच झालाय तो. रात्रपाळी सुटत नाही."

आधी ज्याला बोलावलं त्याचं नाव-गाव जाऊ द्या. तो आला, कॅबिनेट उघडलं, फुंकर मारली आणि म्हणाला एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, गेलाय. आता इथे चूक माझीच. आयुष्यभर विजेत काम केलेला माणूस, विजेवर संशय घेतला की लगेच पटतं. म्हटलं असेल, व्होल्टेज डगमगत असेल. नवा एसएमपीएस १,८५० रुपये. त्याच रात्री दोन वाजता पंखा सुरू. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाला, "मग मदरबोर्ड असेल सर, नाहीतर फॉरमॅट मारून बघू." बघू! आमच्याकडे संच ट्रिप झाल्यावर, म्हणजे अचानक बंद पडल्यावर, कोणी 'टर्बाइन बदलून बघू' म्हटलं असतं तर?

तेव्हा मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. वही काढली. लॉगशीट ओढली. तारीख, उठल्याची वेळ, पंखा, स्क्रीन, पुन्हा झोपला की नाही, असे रकाने. अकरा रात्री भरल्या. मजा अशी की वही भरायला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी मला दोन वेगळे प्रकार दिसायला लागले. एक रात्री दोनचा: नुसता पंखा आणि कॅबिनेटचा दिवा, स्क्रीन काळीच, थोड्या वेळाने आपोआप गप्प. दुसरा पहाटे पाचच्या आसपासचा, कधी ४:५०, कधी ४:५५: स्क्रीनसकट जागा, आणि चांगला अर्धा तास जागा. दोनचा रोज नव्हता. पहाटेचा एक दिवसाआड, अगदी नेमाने.

या टप्प्यावर सोसायटीतल्या एकाने या पोरीचा नंबर दिला. फोनवर म्हणाली, "येतेच काका." आली दुसऱ्या दिवशी दुपारी. पाचातला अर्धा तारा इथेच कापला.

पण आल्यावर तिने कॅबिनेटला हात लावला नाही. पहिला प्रश्न, "उठतो तेव्हा स्क्रीन लागते का काका, की नुसता आवाज?" मी वही पुढे केली. तिने उभ्या उभ्या सगळी पानं वाचली. चहा थंड झाला तरी वाचत होती. मग म्हणाली, "हे दोन वेगळे लोक उठवतायत." मला तिथेच बरं वाटलं.

मग तिने काळी खिडकी, म्हणजे हुकूम टाइप करायची कमांड प्रॉम्प्ट, उघडली, ॲडमिन म्हणून. ही अट महत्त्वाची, नाहीतर काही हुकूम चालत नाहीत. त्यात आधी पॉवरसीएफजी स्लॅश ए असं टाकलं. पॉवर पूर्ण, पुढे सी-एफ-जी जोडून, मग एक जागा सोडून स्लॅश. यातून आपल्या मशिनला कोणत्या प्रकारची झोप येते ते कळतं. माझा जुना, म्हणजे एस-३ : मेमरी तेवढी जागी, बाकी सगळं बंद. नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही झोपच नसते, ते मोबाईलसारखे डोळे मिटून पडलेले असतात, कान उघडे. त्यांच्यासाठी स्लीपस्टडी नावाचा वेगळा हुकूम आहे, तो आख्खा अहवाल बनवून देतो. हे तिने मला सांगायची गरज नव्हती, पण मी विचारलं आणि तिने सांगितलं. तिला घाई नव्हती, म्हणजे त्या दिवशी तरी नव्हती.

पुढचा हुकूम लास्टवेक, तोही पॉवरसीएफजी स्लॅशच्या पुढेच. शेवटचं कोणी उठवलं ते हा सांगतो. उत्तर आलं, कीबोर्ड. "हे तुम्हीच, आत्ता," ती हसली. हा फक्त शेवटचंच सांगतो, म्हणून पहाटेचं पकडायचं तर पहाटेच, दुसरं कोणी उठवायच्या आत टाकायला हवा. जुना हिशेब हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर. त्यात सिस्टमच्या लॉगमध्ये पॉवर-ट्रबलशूटर नावाच्या नोंदी असतात, इव्हेंट क्रमांक १. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी: झोपला केव्हा, उठला केव्हा, उठवणारा कोण. मला हसूच आलं. म्हणजे मी अकरा रात्री उठून जे वहीत लिहीत होतो ते हा बेटा स्वतःच लिहीत होता, उठवणाऱ्याच्या नावासकट. आणि १,८५० रुपयेवाल्याने ते उघडूनसुद्धा बघितलं नाही.

आमच्या कंट्रोल रूममध्ये संच ट्रिप झाला की अलार्मच्या खिडक्या एकदम पेटतात. वीस-पंचवीस. नवशिका माणूस घाबरून सगळ्याच वाचत बसतो. जुना माणूस एकच विचारतो: पहिली कोणती लागली? बाकीच्या सगळ्या तिच्यामागून आलेल्या असतात. ही पोर कधी एकलहऱ्याच्या गेटाच्या आत गेलेली नाही, पण प्रश्न तोच विचारत होती.

तर नोंद उघडली आणि आमचं भांडण झालं. माझ्या वहीत रात्री २:००. नोंदीत आदल्या तारखेचे २०:३०. मी म्हटलं हे माझं नाही, साडेआठला मी स्वतः बातम्या बघत होतो. ती म्हणाली हेच आहे. पुढची पहाटेची नोंद काढली. वहीत ४:५२, तिथे आदल्या दिवशीचे २३:२२. मी गप्प बसून वजाबाकी केली. दोन्हीकडे फरक साडेपाच तासांचा, बरोब्बर. तिने वेळेच्या शेवटी असलेल्या झेडवर बोट ठेवलं. नोंदीच्या मजकुरातली वेळ ग्रीनिचची असते, आपली त्याच्या साडेपाच तास पुढे. वरच्या यादीत जी वेळ दिसते ती मात्र आपलीच. एकाच पडद्यावर दोन घड्याळं! ज्याने हे केलं त्याला आमच्या शिफ्ट इंजिनिअरने उभं सोललं असतं. असो, पण तुम्ही घरी बघायला गेलात तर हा साडेपाच तास लक्षात ठेवा, नाहीतर माझ्यासारखे भांडाल.

दोनचा माणूस लगेच सापडला. उठवणारा : टायमर. विंडोजची स्वतःची देखभाल असते, साफसफाई, तपासणी वगैरे, आणि तिची ठरलेली वेळ मुळातच रात्री २ ची असते. त्या वेळी मशीन झोपलेलं असेल तर उठवायची परवानगीही तिथेच एका चौकटीत दिलेली असते, माझ्याकडे ती टिक होती. स्क्रीन का लागत नव्हती तेही कळलं. काम माणसाचं नव्हतं, ते आपलं आपण उरकून पुन्हा झोपत होतं. तिने मला माउस दिला आणि म्हणाली तुम्हीच काढा. कंट्रोल पॅनेल, सिक्युरिटी अँड मेंटेनन्स, ऑटोमॅटिक मेंटेनन्स, खालची टिक काढली. शिवाय पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपच्या खाली वेक टायमर्स म्हणून एक ओळ आहे, ती बंद करण्याआधी तिने विचारलं, "रात्री बॅकअप वगैरे लावलाय का कशाचा? तो मग उठून होणार नाही." नव्हता लावलेला. पण विचारलं याला महत्त्व आहे. मग वेकटायमर्स नावाचा हुकूम टाकून रात्रीसाठी कोणी गजर लावून ठेवलाय का तेही बघितलं. कोणी नव्हतं.

पहाटेचा मात्र अवघड. नोंद म्हणे, यूएसबी होस्ट कंट्रोलर. म्हणजे आमच्या भाषेत बस, मुख्य लाइन, कळली, तिच्यावरचा नेमका फीडर कळला नाही. त्या बसवर कीबोर्ड आहे, माउस आहे, वेबकॅम आहे, मुलाने दिलेला छोटा स्पीकर आहे. तिने अजून एक हुकूम चालवला, डिव्हाइसक्वेरी आणि पुढे वेक_आर्म्ड. यात उठवायचा अधिकार असलेल्यांची यादी येते. तिघे निघाले : कीबोर्ड, माउस आणि नेटवर्कला जोडणारं लॅन कार्ड. वेबकॅम आणि स्पीकर सुटले.

लॅन कार्डाचं तिने जाता जाता आवरलं, जरी आमच्या गुन्ह्यात त्याचा हात नव्हता. नेटवर्कवरून मशीन उठवता येतं, ऑफिसांत वापरतात. त्यासाठी जो संदेश लागतो त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. त्यात आधी एफएफ हा संकेत सहा वेळा आणि मग त्या कार्डाचा पत्ता लागोपाठ १६ वेळा. सोळा वेळा हाक मारल्याशिवाय न उठणारा मला आवडला असता, पण कार्डाला इतर फुटकळ संदेशांवरही उठायची मुभा असू शकते, माझ्याकडे होती. ती काढली.

राहिले कीबोर्ड आणि माउस. ती म्हणाली माउसच असणार, सरळ त्याचा अधिकार काढून टाकू. मी नको म्हटलं. का उठवतो ते कळल्याशिवाय रिले, म्हणजे बिघाड पकडणारं यंत्र, बायपास करायचा नाही, ही सवय आहे. "बरं, मग तुम्ही शोधा आणि मला सांगा," म्हणाली आणि ३०० रुपये घेऊन गेली. व्हिजिटचे ३००, बाकी काही नाही. पावती व्हॉट्सॲपवर आली, त्यात माझ्या आडनावाची वेलांटी चुकलेली.

दुसऱ्या पहाटे मी पावणेपाचला टेबलापाशी खुर्ची टाकून बसलो. अंगावर शाल, दिवा बंद. कॉम्प्युटर झोपलेला. टेबलाला वर काच आहे, काचेवर माउस. हा ऑप्टिकल, पोटाखाली लाल दिवा असतो, आणि झोपेतही तो अगदी मंद जळत असतो. त्यामुळे काचेवर एक लाल ठिपका दिसतो. ४:५१ ला खाली वॉचमनच्या चपला वाजल्या. ४:५२ ला सोसायटीची मोटर सुरू झाली. आमच्या बाजूला नळाला पाणी पहाटे येतं, टाकी वर चढवायला तो मोटर लावतो, आणि पाइप आमच्या हॉलच्या भिंतीतून जातो. टेबल त्याच भिंतीला टेकलेलं. मी काचेवर बोटाची पेरं ठेवली. बारीक थरथर. लाल ठिपका एकदम तेजाळला आणि स्क्रीन लागली.

तिथे बसल्या बसल्या मला लाज वाटली. बेअरिंगचं व्हायब्रेशन मायक्रॉनमध्ये मोजण्यात उमेदीची वर्षं गेली माझी. आणि एक दिवसाआड? वॉचमन दोन. एक पहाटे मोटर लावतो, दुसरा सहानंतर, जेव्हा मी उठून कॉम्प्युटर आधीच सुरू केलेला असतो.

लगेच खात्री मानली नाही. पहिल्या वॉचमनच्या पुढच्या पाळीला माउसखाली नॅपकिन घातला. उठला नाही. त्यापुढच्या पाळीला पुन्हा काचेवर. उठला. पुन्हा नॅपकिन. नाही. मग टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं आणि तिला फोन केला. ती तिकडे एवढी मोठ्याने हसली की कोणाच्या घरी होती त्यांनी काय झालं विचारलं. म्हणाली, "माउसचा अधिकार आता तरी काढा. कीबोर्डचा ठेवा मात्र. दोन्ही काढलेत तर दर वेळी पॉवर बटण दाबायला वाकावं लागेल." ते कसं करायचं तेही फोनवर सांगितलं : डिव्हाइस मॅनेजर, माउस, पॉवर मॅनेजमेंट, उठवण्याची टिक काढा. पैसे नाही घेतले त्याचे.

एक प्रकरण राहिलं. नोंदींत दुपारच्याही वेळा होत्या, तीनच्या आगेमागे, उठवणारा : पॉवर बटण. आठवड्यातून चार दिवस. माझ्या वहीत दुपार नव्हती, कारण दुपारी मी झोपलेला असतो. मी यादी वाचून दाखवली तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "मीच. रांगोळीचे व्हिडिओ बघते. मोबाईलवर बारीक दिसतात." तिला माझा पासवर्ड कसा माहीत, हे विचारलं नाही. तो एकलहऱ्याचा माझा जुना टोकन नंबर आहे, तिनेच बत्तीस वर्षं डब्याच्या पिशवीवर लिहिलेला.

आणि अकरा रात्रींत एका नोंदीपुढे अननोन लिहिलेलं निघालं. अज्ञात. ती म्हणाली असं येतं कधीकधी, मशिनलाही सांगता येत नाही, पुन्हा आलं तर बघू. मला तिचं हे आवडलं. त्या एका नोंदीवर सहज एखादं कार्ड विकता आलं असतं.

महिन्याभराने विंडोजचा मोठा अपडेट आला, आणि दोन दिवसांनी रात्री दोनला पुन्हा पंखा. या वेळी मी कोणाला बोलावलं नाही. काळी खिडकी, लास्टवेक, टायमर. टिक परत आलेली होती, काढली, झोपलो. सगळं मिळून तीन मिनिटं.

तर दुकानाचा हिशेब असा. व्हिजिट ३०० रुपये, नाशिकरोड-जेलरोड-देवळाली गाव एवढ्यातच, गंगापूर रोडला वगैरे ती जात नाही. सुटा भाग बदलला तर जुना भाग तुमच्या हातात देते, हे मी शेजाऱ्याच्या प्रिंटरच्या वेळी बघितलं. बोलते फार भरभर, आमच्या वयाच्या माणसाने "पुन्हा सांग" म्हणायला लाजू नये, ती पुन्हा सांगते. गाडी गल्लीत नेऊ नका, बाहेर काढताना झेरॉक्सवाल्याशी वाद होतो, माझा झालेला आहे. पाचपैकी साडेचार. काय बिघडतं, केव्हा बिघडतं ते चार दिवस वहीत लिहून मग फोन करा, तिचं काम निम्म्याने कमी होतं आणि ती खूश होते. सकाळी अकराच्या आत फोन केला तर उचलते. "येतेच" म्हणाली तर तो दिवस धरू नका, दुसरा धरा.